प्लेयरमध्ये सरळ, फाइलमध्ये आडवी

घरात तीन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणायचे, शेंडेफळाला बारकी, आणि या दोघींच्या मध्ये जी सापडली तिला नुसतंच मधली. नाव ठेवता ठेवता कंटाळा यावा आणि जागा बघूनच हाक मारावी, तसं.

ताईचं एक बरं होतं. तिच्याकडे जिम्नॅस्टिक्सचा बीम होता. जेमतेम वीतभर रुंदीचं पण नाही असं ते लांबलचक लाकूड, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आणि त्यावर ही बया कोलांट्या मारायची, एका पायावर गिरकी घ्यायची आणि वर हसायचीसुद्धा. बारकीकडे खळी होती. गालावर एकच, पण त्या एका खळीवर तिने अकरा वर्षं घर चालवलं होतं. वाटी फोडली, दाखवली खळी. गृहपाठ राहिला, दाखवली खळी. आणि मधलीकडे? मधलीकडे कॉम्प्युटर होता.

म्हणजे होता सगळ्यांचाच. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका कचेरीची लिफ्ट आठवडाभर खपून चालू केल्यावर तिथल्या लोकांनी त्यांना हा जुना कॉम्प्युटर देऊन टाकला होता. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली तो बसायचा. चालू केला की आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा, आणि कोणाचा तरी ओला मोजा स्क्रीनवर थेंब टाकायचा. बाकी सगळ्यांनी त्याला हात जोडले. मधलीने त्याला हात लावला.

त्यावर एक फुकटचा मीडिया प्लेयर होता. लोक त्यात सिनेमे बघायचे आणि बंद करायचे. मधलीने मात्र त्याचे सगळे मेनू उघडून, आतले कप्पे उपसून, पार तळापर्यंत जाऊन पाहिलं होतं. हा नुसता दाखवत नाही, हा कापतो, जोडतो, एका फॉरमॅटचं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून देतो, चित्र काढून नुसता आवाज ठेवतो, हे सगळं तिला शोधून सापडलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या लग्नाची फाइल कुठल्याच फोनवर उघडत नव्हती, मधलीने कन्व्हर्ट करून दिली. काकू इतक्या रडल्या की काकांना वाटलं, लग्नाचा पश्चात्ताप झाला. बाबांना लिफ्टच्या नव्या मशीनवरचं दोन तासांचं व्याख्यान स्कूटरवर ऐकायचं होतं, मधलीने त्याचा आवाज वेगळा काढला. "मधलीला दे, ती करून देईल," हे वाक्य त्या घरात रोज एकदा तरी म्हटलं जायचं. ते ऐकलं की मधली एक लांब सुस्कारा टाकायची, "काय कटकट आहे," म्हणायची, आणि आतून तिला अशा गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका.

मग सुट्टीत बारकी म्हणाली, "मधलीताई, मला पण शिकव ना."

खळी दाखवून म्हणाली. मधली विरघळली. शेजारी स्टूल ओढून घेतलं आणि शिकवलं. इथून कापायचं, इथून फिरवायचं, इथे कन्व्हर्ट. आणि बारकीने काय करावं? पंधरा दिवसांत तिने मधलीला मागे टाकलं. मधली माउस घेऊन मेनूमागून मेनू उघडायची, तर बारकी दोन बोटांनी कीबोर्डवर टकटक करून मोकळी. वर काम करताना गाणं म्हणायची! सुस्कारा नाही, कटकट नाही. "काकू, झालं हं तुमचं!" आणि खळी.

आठवड्याभरात वाक्य बदललं. "बारकीला दे, ती करून देईल."

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मधली पाणी पीत होती. ठसका लागला. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्यांदा ते बाबा म्हणाले, तेही मधली समोर बसलेली असताना, आणि त्यांच्या काही लक्षातसुद्धा आलं नाही. रात्रभर तिच्या पोटात कोणी तरी निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. आपणच पोहायला शिकवावं आणि शिकणाऱ्याने आपल्याला मागे टाकून पैलतीरावरून हात हलवावा, त्यात आपण काय आनंद मानायचा?

पण एक गोष्ट मधलीने बारकीला सांगितली नव्हती. आधी विसरून राहिली, आणि मग लक्षात आल्यावर मुद्दाम राहू दिली. हातचं राखलेलं असं एवढंच काय ते तिच्याजवळ उरलं होतं. व्हिडिओ आडवा असला तर प्लेयरमध्ये तो फिरवून सरळ करता येतो. पण ते फिरवणं फक्त आपल्या स्क्रीनपुरतं असतं. फाइल होती तशीच आडवी राहते. फाइलच सरळ करायची तर कन्व्हर्ट करताना आतल्या आतल्या एका पानावर जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करावी लागते. ती चौकट मधलीला दोन महिने डोकेफोड केल्यावर सापडली होती. बारकीला आयती का द्यायची?

तर एवढं सगळं असताना ताईचा अर्ज आला.

मोठ्या क्रीडा प्रबोधिनीत निवड होणार होती. तिथे राहणं, शिकणं, दिवसातून दोनदा सराव, खऱ्या मॅट, खरे कोच. वयाची अट अशी की ताईला ही शेवटचीच संधी. पुढच्या वर्षी ती चार महिन्यांनी मोठी ठरणार. अर्जासोबत बीमवरच्या कसरतीचा व्हिडिओ पाठवायचा होता. दोन मिनिटांच्या आत, एमपीफोर, पन्नास एमबीपेक्षा कमी, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: व्हिडिओ एकदाच पाठवता येईल, नंतर बदलता येणार नाही.

व्हिडिओ काढायला बाबा गेले. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना शांत ठेवणारे बाबा, पण पोरगी बीमवर चढली की त्यांनाच काही सुचेनासं व्हायचं. त्यांनी फोन उभा धरून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, मग कोचमॅडम ओरडल्या, "अहो, आडवा धरा!" म्हणून आडवा केला. फोन बिचारा आपला उभाच समजून चालला. घरी येऊन फाइल उघडली तर बीम जमिनीतून छताकडे निघालेला, आणि ताई त्यावर पालीसारखी भिंत चढत होती.

"अगं बाई," आई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांना 'आता कसं दिसतंय' विचारायची. तिने मान वाकडी केली. "आता जरा बरं दिसतंय."

"परत काढू?" बाबा हिरमुसले.

"हॉल सोमवारपर्यंत बंद आहे," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि अशी उडी मला परत जमेल का कोण जाणे. हीच पाहिजे." मग ती वळली. मधली खुर्चीत सरसावून बसली, सुस्कारा अगदी ओठांवर आणून ठेवला होता. आणि ताई म्हणाली, "बारकी, तू करशील?"

मधलीचा सुस्कारा तोंडातच राहिला.

शुक्रवारी दुपारी बारकीने बैठक मांडली. व्हिडिओ फिरवला, ताई पायांवर उभी राहिली. सुरुवातीचा बाबांचा अंगठा कापला, शेवटचं "झालं का?" कापलं. साइज कमी केली. कन्व्हर्ट. घरघर, घरघर, आणि झालं. तिने तो प्लेयरमध्ये लावून दाखवला. ताई सरळ, बीम आडवा, उडी झक्क. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईने बारकीचा मुका घेतला. ताईने तिला उचलून गरागरा फिरवलं.

मधली भिंतीला टेकून उभी होती. तिने बघितलं होतं. बारकी आतल्या पानावर गेलीच नव्हती. चौकट कोरी. म्हणजे ही जी सरळ ताई दिसतेय ती फक्त याच प्लेयरमध्ये, याच टेबलावर. प्रबोधिनीच्या कॉम्प्युटरवर उघडली की ताई परत पाल.

आता सांगावं, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मधले, बघून शीक जरा! कसं हसत हसत काम करते पोर."

तोंड मिटलं.

संध्याकाळभर तिने मनातल्या मनात तो सिनेमा बघितला. निवड समिती माना वाकड्या करून बसलेली. कोणी तरी म्हणतंय, हा कोणी केला हो व्हिडिओ? मग घरी फोन. मग सगळ्यांच्या माना हळूहळू बारकीकडे वळतायत, आणि खळी कुठे जाते ते बघू. वा! मग म्हणतील, मधलीला द्यायला हवं होतं. इथे सिनेमा छान रंगायचा. पण दर वेळी शेवटी कुठून तरी ताई फ्रेममध्ये यायची आणि मधलीला तो भाग कापता येत नव्हता.

शनिवारी सकाळी ताई गॅलरीत बसून तळहातांवरच्या फोडांना मलम लावत होती.

"दुखतंय?" मधलीने विचारलं.

"हे नाही दुखत," ताई म्हणाली. "पोटात दुखतंय. नाही घेतलं तर काय करायचं गं? मी दुसरं काही शिकलेच नाहीये. सकाळी पाचला उठून सात वर्षं नुसतं पडायला शिकलेय."

मधली नुसती मलमाचं झाकण फिरवत राहिली. बोलायला गेली असती तर आधी 'कालच का नाही सांगितलंस' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि ते उत्तर द्यायला ती मेली तरी तयार नव्हती. म्हणून तिने ठरवलं की गुपचूप करून टाकायचं. कोणाला कळायला नको, बारकीचं कौतुकही बारकीपाशीच राहू दे. चला, एवढं मोठं मन आपलं. स्वतःच्या मोठ्या मनाने तिला जरा भरूनसुद्धा आलं.

दुपारी साडेतीनला बारकी खाली काकूंकडे गेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मधली कॉम्प्युटरवर बसली. बाबांची मूळ फाइल घेतली, तेवढाच भाग कापला, साइज कमी केली, आतल्या पानावर गेली, चौकटीत खूण केली, कन्व्हर्ट. पंखा घरघरला. जिन्यात पावलं वाजली. टक्के सरकेनात. शहाण्णव, सत्त्याण्णव... झालं! बारकीच्याच नावाने, बारकीच्याच फाइलवर तिने ती ठेवून दिली आणि खुर्चीतून उडी मारून खिडकीशी जाऊन उभी राहिली, जणू जन्मभर ती तिथेच उभी होती. चालवून बघायला काही वेळ मिळाला नाही. आणि बघायचं काय? ती काय बारकी होती चुकायला?

साडेचारला सगळे टेबलाभोवती जमले. अर्ज भरून तयार. ताई म्हणाली, "पाठवायच्या आधी एकदाच बघू दे मला. नशिबाला बरं."

बारकीने फाइल लावली.

ताई भिंत चढत होती.

आईची मान आपोआप वाकडी झाली. मग सगळे एकदम बोलले.

"काल सरळ होता!" बारकी किंचाळली. "आई शप्पत, काल सरळ होता, सगळ्यांनी बघितलाय!" तिने फाइलवर क्लिक करून माहिती उघडली. पोरगी हुशारच मेली. "हे बघा. आज तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बदललीय. मी तेव्हा काकूंकडे होते."

घरात त्या वेळी कोण होतं हे सांगायची गरजच नव्हती. माना वळल्या. शुक्रवारी मधलीने बघितलेल्या सिनेमात वळल्या होत्या तशाच, फक्त दिशा वेगळी.

"मधले?" बाबा म्हणाले.

"मी... मी नीट केला होता."

"हा नीट?" आईने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"हिला बघवतच नाही!" बारकी रडायलाच लागली. "पहिल्यापासून बघवत नाही हिला! मला कोणी चांगलं म्हटलं की हिच्या नाकाला मिरच्या झोंबतात! म्हणून मुद्दाम आडवा केला!"

"थांब, रडू नकोस," ताई घाईने म्हणाली. "कालची कॉपी आहे का कुठे?"

होती. बारकीने आदल्या दिवशीच एक जपून ठेवली होती. लावली. ताई सरळ, बीम आडवा, उडी झक्क.

"देवा!" ताई खुर्चीत कोसळली. "हीच पाठव. लगेच. पावणेपाच झालेत."

बारकीने डोळे पुसत फाइल निवडली. बाण 'पाठवा'वर गेला. आणि मधलीने झडप घालून माउस हिसकावला, वायरसकट.

"नको! ती आडवी आहे!"

"ही?" बाबांचा आवाज चढला. इतका चढलेला आवाज त्या घराने ऐकला नव्हता. "डोळ्यांनी दिसतेय सरळ! मधले, माउस दे. ताईच्या जिवाशी खेळतेस?"

"दिसतेय सरळ, आहे आडवी! आणि माझी दिसतेय आडवी, आहे सरळ!"

हे बोलल्याबरोबर तिलाच कळलं की जगातल्या कुठल्याही खोटारड्याने याहून वाईट थाप मारली नसती. ताई तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, तेही परवडलं असतं. भीतीने बघत होती. आपली बहीण आपलं वाटोळं करू शकते, हे नुकतंच कळल्यासारखं.

मग मधलीने सगळं ओकून टाकलं. "प्लेयरमध्ये फिरवलं की नुसतं इथे फिरतं. फाइल फिरत नाही. तिच्यासाठी आत एक चौकट आहे. मी बारकीला ती शिकवलीच नाही. मुद्दाम. काल मला दिसलं, मी बोलले नाही. आज गुपचूप दुरुस्त केला. पण बारकीने फिरवलेलं इथे अजून चालूच आहे, म्हणून माझी सरळ फाइल आणखी एकदा फिरतेय. ते बंद करायचं मी विसरले. मी! विसरले!" शेवटचं तिला कबुलीपेक्षा जास्त लागलं. "आईच्या फोनवर बघा. दोन्ही बघा. मग मला काय मारायचं ते मारा."

घड्याळात बारा मिनिटं उरली होती. आईने फोन काढून दिला. केबल शोधण्यात दोन मिनिटं गेली, ती आईच्याच पर्समध्ये होती. पहिली फाइल, बारकीची. लावली, आणि ताई भिंतीवर.

"अगं, पण असं केलं की सरळ दिसतेय की!" आईने फोनच फिरवला. मग चित्रही फिरलं. मग परत तिने फोन फिरवला.

"आई! टेबलावर ठेव तो! हात लावू नकोस कोणी!"

फोन टेबलावर. मधलीची फाइल. सगळे वाकून, श्वास रोखून. बीम आडवा. त्याच्या टोकाला ताई, दोन्ही पायांवर, सरळ, हात वर.

बारकीचं रडणं थांबलं. तिने एकदा फोनकडे, एकदा स्क्रीनकडे बघितलं. मधलीच्या हातातून माउस घेऊन तिने मधलीची फाइल निवडली, आणि मग माउस परत मधलीकडे सरकवला. मधलीने तो ताईकडे सरकवला. ताईने डोळे मिटून बटण दाबलं. निळी पट्टी एवढी सावकाश पुढे सरकली की बाबा तिला "चल बये, चल," म्हणून ढकलायला लागले. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी स्क्रीनवर उमटलं: आपला अर्ज मिळाला.

आईने बाबांना मिठी मारली. बाबांनी स्टँडवरचा ओला टॉवेल ओढून घाम पुसला. ताई मात्र उठली नाही.

"तुला कालपासून माहीत होतं," ती मधलीला म्हणाली.

"हो."

"सकाळी मी तुझ्याशी बोलले, तेव्हाही."

"हो." आणि मग, आता काही राखून ठेवण्यात अर्थच नव्हता म्हणून, "तू बारकीला दिलंस. मी समोर बसले होते, ताई. मी वाट बघत होते."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. "तू वाट बघत होतीस? तू दर वेळी सुस्कारा टाकतेस. काय कटकट आहे म्हणतेस. मला वाटलं, एवढ्या मोठ्या दिवशी तुला नको छळायला. म्हणून तिला दिलं. बाकी काही नाही गं, वेडे."

मधलीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. सुस्कारा! तो तर नुसता... तिला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी. "तो खोटा असतो," ती पुटपुटली. "आत मला मस्त वाटत असतं."

"मग तसं तोंडाने सांगत जा," ताई म्हणाली. ती उठली आणि आत गेली. दार आपटलं नाही, पण उघडंही ठेवलं नाही. राग जायला दोन-चार दिवस लागणार, हे मधलीला कळलं. लागू देत. हक्काचा राग होता.

टेबलाशी दोघीच उरल्या. बारकीने नाक ओढलं.

"मलाही राग आलाय," ती म्हणाली.

"येऊ दे."

"ती चौकट दाखव आधी. मग रागावते."

मधलीने दाखवली. एका मेनूतून दुसऱ्यात, तिथून नट पिळायच्या पान्याच्या चित्रावर, तिथून तिसऱ्या पानावर, पार खाली. बारकी नाक स्क्रीनला लावून बघत होती.

"अजून काय काय राखून ठेवलंयस?"

"तीन गोष्टी," मधली म्हणाली. खरं तर चार होत्या.

दोन शिकवून झाल्या. तिसरी चालू असताना बारकी मध्येच "हे काय आहे?" म्हणाली, कुठल्या तरी भलत्याच मेनूत शिरली, दोन बोटांनी टकटक केली आणि चौथी आपली आपणच शोधून काढली.

"अय्या, हे भारी आहे! तुला माहीत होतं?"

मधलीच्या पोटात तोच जुना निखारा फुलला, चांगला लालभडक. सुस्कारा ओठांवर आला. तिने तो गिळला.

"होतं," ती दात आवळून म्हणाली. "पण मला शोधायला महिना लागला होता, कार्टे. सरक तिकडे. परत कर, कसं केलंस ते बघू दे मला."